लेकीच्या रायफलला जुळणारा छर्रा शोधताना

माझी लेक नववीत आहे. ती दहा मीटर एअर रायफल खेळते, सरावाला आठवड्यातून पाच दिवस नेरुळच्या एका रेंजवर जाते. आम्ही राहतो ठाण्यात, वर्तकनगरला. मी वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूममध्ये (जिथे साचे आणि अवजारं बनतात) नोकरी करतो. नेमबाजीशी माझा याआधीचा संबंध एवढाच, की देवगडकडच्या आमच्या गावी आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. मे ते नोव्हेंबर २०२४ हे महिने आम्ही एकच गोष्ट शोधत होतो: लेकीच्या रायफलच्या नळीला कोणता छर्रा, म्हणजे शिशाची बारीक गोळी, मानवतो. रेंजवर दर महिन्याला एखादं नवं पालक भेटतं, हातात दोन-तीन डबे आणि चेहऱ्यावर तोच गोंधळ. त्यांना तोंडी सांगत आलोय ते एकदा नीट लिहून काढतो.

रायफल आम्ही मे महिन्यात जुनी घेतली, पुण्याच्या एका कॉलेजच्या मुलाकडून. एक लाख पस्तीस हजार. ठरावीक शक्तीच्या आतल्या ४.५ मिलीमीटरच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, पण कागद लागतात. मूळ बिलाची प्रत, रायफलचा नंबर घातलेलं विक्रीपत्र (तेव्हा शंभरचा स्टॅम्प पेपर चालायचा), दोघांच्या आधारच्या झेरॉक्स. या सगळ्याचा एक संच रायफलच्या पेटीत कायम ठेवा. ठाणे स्टेशनवर नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे जाताना आम्हाला दोनदा थांबवलं. कागद दाखवले, रेंजचं ओळखपत्र दाखवलं, दोन मिनिटांत सोडलं. कागद घरी राहिले असते तर सरावाची संध्याकाळ गेली असती.

जूनच्या शेवटी लेकीच्या वहीत एक गोष्ट वारंवार दिसायला लागली. नेमबाज शॉट सुटताक्षणी, निशाण बघायच्या आधी, मनात सांगतात की हा कुठे गेला असणार. याला कॉल म्हणतात. वहीत दोन रकाने असतात, एक कॉलचा आणि एक प्रत्यक्ष आलेल्या गुणांचा. ३० जूनच्या पानावर लिहिलं होतं: कॉल १०.४, आला ९.७. त्याखाली: कॉल १०.५ मध्यावर, आला ९.९ सात वाजता. घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगतात, सात वाजता म्हणजे खाली डावीकडे. पुढच्या ओळीत तिने पेन दाबून लिहिलं होतं, "मला कळतच नाहीये."

ते वाक्य मला फार लागलं. गुण कमी येणं वेगळं. आपल्याला जे जाणवलं तेच खोटं होतं की काय अशी शंका चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात शिरणं वेगळं. ती ट्रिगरला दोष द्यायची, श्वासाला द्यायची, झोप झाली नाही म्हणायची. कोच मॅडमनी दोन आठवडे तिची पोझिशन तपासली, व्हिडिओ काढले, शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, पोरीचं होल्डिंग, रायफल स्थिर धरणं, चांगलं आहे. एकदा छर्रे टेस्ट करून बघा. ही जुनी रायफल आहे, आधीच्या मुलाने कुठला लॉट वापरला कोणाला माहीत." लॉट म्हणजे छऱ्यांची एका वेळी बनलेली खेप.

इथे थोडं गणित सांगायला हवं, कारण ते कळेपर्यंत मला स्वतःला हा सगळा श्रीमंतांचा चोखंदळपणा वाटत होता.

दहाचं वर्तुळ म्हणजे अर्धा मिलीमीटर व्यासाचा ठिपका. छर्रा साडेचार मिलीमीटरचा. छऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरच्या आत हवा. तिथून आत प्रत्येक पाव मिलीमीटरला एक दशांश वाढतो, १०.९ पर्यंत. पूर्वी पात्रता फेरीत पूर्ण गुण मोजायचे, दहा म्हणजे दहा. नवी मुंबई-पनवेलच्या बाजूला नेमबाजीचा विषय निघाला की सुमा शिरूर यांचं नाव येतंच. त्यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले होते, ते त्या पद्धतीत. २०१३ पासून एअर रायफलची पात्रता फेरीसुद्धा दशांशात मोजतात. मुलींनाही आता साठ शॉट असतात, पैकीच्या पैकी म्हणजे ६५४. त्यामुळे दहा लागला एवढ्यावर भागत नाही, दहाच्या आत कुठे लागला ते मोजलं जातं.

आता समजा रायफल पक्क्या शिकंज्यात धरली, माणूस बाजूला केला आणि एकाच जागी दहा छर्रे मारले. ते एकाच भोकातून जात नाहीत. थोडे पसरतात, त्याला ग्रुप म्हणतात. ग्रुपची बाहेरची कड ते बाहेरची कड ९.६ मिलीमीटर भरली, तर कडेचा छर्रा मध्यापासून अडीचपेक्षा किंचित जास्त सरकलेला असतो. म्हणजे नेमबाजाने अगदी मध्यावर धरलं तरी ९.९ येऊ शकतो. तोच ग्रुप ७.२ असेल तर कडेचा छर्रासुद्धा १०.४ देतो. लेकीच्या वहीतलं कोडं इथे होतं. तिचा कॉल खरा असूनही शॉट खोटा येणं शक्य होतं.

आजोबांच्या बंदुकीत हे सगळं माणसाच्या हातात असायचं. दारू किती, वर कापडाचा बोळा किती, गजाने किती ठासायचं. पावसाळा संपला की ते परड्यातल्या फणसाला एक जुनी फळी टेकवून तीन-चार बार काढत आणि पितळी मापातली दारू ठरवत. एका बाराला दारू बदलली तर बोळा तोच ठेवत, बोळा बदलला तर दारू तीच. मी पायरीवर बसून कान झाकून बघायचो. एअर रायफलमध्ये दारू नाही. हवेचा दाब रेग्युलेटर सांभाळतो, छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटरने सुटतो आणि तो वेग कारखान्यात बसवून आलेला असतो. आपल्या हातात उरतो फक्त छर्रा. पण छऱ्याचेच इतके प्रकार आहेत की डोकं चक्रावतं.

आपल्याकडच्या रेंजवर आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, चियांग युआन ही नावं ऐकू येतात. रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो, पिस्तुलाचा त्याहून हलका. डब्यावरच्या चिकटपट्टीवर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लॉट नंबर. आम्ही दुकानात ब्रँड बघत होतो, थोडं कळायला लागल्यावर व्यास बघायला लागलो. तो बारीक नंबर बघायला सगळ्यात शेवटी शिकलो.

पहिली चाचणी १४ जुलैच्या रविवारी केली आणि ती पूर्ण चुकली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, लेकीने चार प्रकारचे पाच-पाच छर्रे मारले. एका डब्याचा ग्रुप ६.८ आला. आम्ही दोघं आनंदाने घरी आलो, येताना तलावपाळीला आइस्क्रीम खाल्लं. गुरुवारी त्याच डब्याचे पुन्हा पाच मारले, ग्रुप ९.३. पाच शॉटचा ग्रुप काहीही सांगतो. योगायोगाने चांगला येतो, योगायोगाने वाईट. शिवाय पिशवीवरून मारताना माणसाचा हात त्यात असतोच, आणि मला तर माणूस बाजूला काढून बघायचं होतं.

मग शिकंजा करायचं ठरलं. हे माझ्या कामातलं असल्यामुळे इथे मला धीर आला. आमच्या टूलरूममधल्या फिटरकाकांनी बारा मिलीमीटरच्या पोलादी प्लेटचा तळ केला, त्यावर ॲल्युमिनियमचे दोन जबडे, आतून तीन मिलीमीटर चामड्याचं अस्तर. सामान आणि कामाचे मिळून २,६५० रुपये झाले. एक गोष्ट आवर्जून सांगतो: जबड्यात नळी धरायची नाही. नळीवर बाजूने दाब आला की ती किंचित वाकते आणि तुम्ही छर्रा नाही, तुमचा शिकंजा मोजत बसता. हवेच्या सिलिंडरला तर जबडा लागताच कामा नये. धरायची ती मधली ॲक्शन, म्हणजे जिथे छर्रा भरतात आणि ट्रिगर असतो तो भाग. दस्ता (खांद्याला टेकायचा भाग) काढायचं काम आम्ही रेंजवरच्या आर्मररकडून, म्हणजे रायफली दुरुस्त करणाऱ्याकडून, करून घेतलं, स्वतः स्क्रू उघडायला गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका.

रेंजच्या टेबलाला बोल्ट मारायला परवानगी हवी होती. साध्या कागदावर अर्ज, लेकीच्या ओळखपत्राची प्रत, कोच मॅडमची सही आणि २,००० रुपये अनामत. अर्ज २२ जुलैला दिला. इन्चार्ज सुट्टीवर, मग क्लार्कच्या ट्रेमध्ये, मग "मॅडमची सही निळ्या शाईत हवी". १ ऑगस्टला दुपारी मी तिसऱ्यांदा चौकशीला गेलो तेव्हा ऑफिसात सगळे एका मोबाईलभोवती उभे होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेची पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायची) अंतिम फेरी चालू होती. मीही उभा राहिलो. तो ४५१.४ वर तिसरा आला आणि ऑफिसात जो आरडाओरडा झाला तो बाहेर रस्त्यावर गेला असेल. कोल्हापूरकडच्या एका खेड्यातला मुलगा! इन्चार्जसाहेबांनी डोळे पुसले आणि माझा अर्ज उभ्या-उभ्याच मंजूर केला. सोमवारी रेंज बंद असते, तेव्हा दुपारी तीन तास, तासाला पाचशे रुपये.

दरम्यान घरी छऱ्यांची छाननी चालू होती. चार डबे विकत घेतले, मिळून ७,१०० रुपये. दोन प्रकारचे साठ-साठ छर्रे रेंजवरच्या दोन मुलींच्या पालकांनी दिले. प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टी लावली: लाल, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा. कुठल्या रंगाचा कुठला ब्रँड ते इथे लिहीत नाही, कारण जो छर्रा आमच्या नळीत पसरला तो तुमच्या नळीत सोन्यासारखा चालू शकतो. निळा आणि हिरवा यांच्याबद्दल मात्र एवढं सांगतो: दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, दोन्ही ४.५०. फरक होता तो फक्त लॉट नंबरचा.

छर्रा जवळून बघण्यासारखा असतो. आकार डमरूसारखा. पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर, त्याला स्कर्ट म्हणतात. हवेचा दाब मागून आला की पातळ स्कर्ट फुलतो आणि नळीतल्या पिळाच्या खाचांना घट्ट बसतो, म्हणून हवा बाजूने निसटत नाही. मी खिडकीची एक जुनी काच आणली, एका बाजूला दोन पोस्टकार्डं सारून उतार दिला आणि एकेक छर्रा आडवा सोडला. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा, त्यामुळे तो सरळ घरंगळत नाही, वळसा घेत जातो. चांगले छर्रे एकामागोमाग एकाच वळणाने जाऊन एकाच जागी थांबतात. स्कर्टला जरा जरी पोचा असेल तर तो मध्येच डगमगतो, किंवा भलतीकडे जातो. लेक काचेच्या खालच्या टोकाला हनुवटी टेकवून बसायची आणि डगमगणारा आला की "हा बाद" म्हणून वेगळा काढायची. पन्नासात लाल डब्याचे सात बाद झाले, निळ्याचा एक, पांढऱ्याचा एकही नाही.

वजनासाठी जांभळी नाक्याजवळच्या ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांचा काटा मिलीग्रॅम दाखवतो. दुकान उघडण्याआधी तासभर बसू दिलं, वर चहा पाजला. पांढरा सगळ्यात एकसारखा निघाला, ०.५२९ ते ०.५३४ ग्रॅमच्या आत. लाल ०.५२१ ते ०.५४१ पर्यंत पसरलेला. मला वाटलं, लागला निकाल, पांढरा घ्यायचा. तसं झालं नाही ते पुढे येईलच.

हे सगळं करताना एक शिस्त आम्ही पहिल्या दिवसापासून पाळली. छर्रे शिशाचे असतात. हाताळताना काही खायचं नाही, डोळ्या-तोंडाला हात लावायचा नाही, झालं की साबणाने हात धुवायचे, टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान भावंडं असतील तर छर्रे कुलपात. रेंजबाहेर वडापावची गाडी आहे आणि सराव संपल्यावर मुलं तशीच तिकडे धावतात. प्रत्येक पालकाने यावर लक्ष ठेवावं असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे आपली हवा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की छऱ्यांवर पांढुरकी पूड धरते. आम्ही डबे झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

१२ ऑगस्ट, शिकंज्यावरची पहिली चाचणी. सुरुवातीचे ग्रुप छान गोल आले. तासाभराने ते उभे व्हायला लागले, पावट्याच्या शेंगेसारखे, वरून खाली. मी आधी बोल्ट तपासले. मग टेबल, मग एसीचा झोत. आर्मररने सिलिंडरच्या काट्याकडे बोट दाखवलं. दाब ६० बारच्या (बार हे हवेच्या दाबाचं माप) खाली गेला होता. भरलेला सिलिंडर २०० बारचा असतो, वापरता वापरता दाब फार उतरला की रेग्युलेटरलाही वेग सांभाळता येत नाही. घरी येऊन हिशोब केला. सेकंदाला १७० मीटरने गेलेला छर्रा दहा मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिलीमीटर खाली येतो, १६५ ने गेला तर १८. वेग पाच मीटरने पडला की एक मिलीमीटर खाली, म्हणजे चार दशांश गेले. त्या दिवसाचे निम्मे कागद मी बाद केले. तेव्हापासून आमचा नियम आहे, १०० बारच्या खाली काटा गेला की भरायचा.

सिलिंडर हातात घेतलाच होता म्हणून आर्मररने त्यावर कोरलेली तारीख वाचली आणि शांतपणे माझ्यापुढे धरली. फेब्रुवारी २०१४. अशा सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते. आमचा सहा महिन्यांपूर्वी संपला होता, आणि आम्ही रायफल घेतली तेव्हाही संपलेलाच होता. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी बघितलं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडर मुदतीत आहे ना हे बघायची जबाबदारी खेळाडूचीच. पण नियमाचं जाऊ दे. २०० बारची ती बाटली माझी मुलगी रोज गालाशेजारी धरत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. जुनी रायफल घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सगळ्यात आधी ती तारीख वाचा आणि मगच भावाचं बोला. नवा सिलिंडर २१,५०० रुपयांना पडला. मागवला १३ ऑगस्टला, हातात आला २० सप्टेंबरला. मध्ये गणपती येऊन गेले. तोवर रेंजने त्यांचा एक सिलिंडर सरावाला दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

खरी चाचणी २३ आणि ३० सप्टेंबरच्या सोमवारी झाली. आता पद्धत ठरली होती. नळी आदल्या आठवड्यातच साफ केलेली, कारण फेल्टच्या बोळ्याने साफ केल्यावर पहिले वीसेक शॉट विखुरतात. प्रत्येक रंगाचे आधी दहा शॉट नळीला सवय व्हायला, ते मोजायचे नाहीत. मग दहा-दहाचे चार ग्रुप. एका ग्रुपनंतर रंग बदलायचा नाही, चारही एकाखाली एक. दर वीस शॉटला दाब बघायचा. मी भरत होतो आणि ट्रिगर ओढत होतो, लेक कागद बदलून त्यावर रंग आणि क्रमांक लिहीत होती, आर्मरर पाठीमागे उभे. कागद बदलायला ती पुढे निघाली की रायफलचा बोल्ट (छर्रा भरायची खिट्टी) उघडा आणि नळीत केशरी सेफ्टी दोरी, मग शिकंज्यात रायफल कितीही घट्ट असो. तीनशे शॉट झाले. मोजणी रात्री घरी, भिंगाखाली, व्हर्निअरने (मिलीमीटरचे अंश मोजायचं साधन). कागद फाटून आत दबतो, त्यामुळे भोकाची कड नीट बघावी लागते. एका ग्रुपला दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे असं केलं.

लाल: ८.९, ९.६, ८.४, १०.१. याच प्रकारच्या छऱ्यांनी ती मे महिन्यापासून सराव करत होती. पांढरा, सराफाच्या काट्यावर पहिला आलेला: ७.९, ८.१, ७.८, ८.३. अगदी एकसारखा, पण मोठा. हिरवा: ८.८, ८.५, ९.०, ८.६. निळा: ७.१, ७.४, ६.९, ७.६. पिवळा आणि काळा मधेच कुठेतरी.

निळा आणि हिरव्याचे कागद लेकीने शेजारी-शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. एकच कंपनी, एकच नाव, एकच व्यास. साचा झिजतो, यंत्र बदलतं, शिशाची तार बदलते, आणि लॉट नंबर तेवढा वेगळा होतो. आमच्या नळीत निळा आणि पांढरा यांच्यातल्या फरकापेक्षा या दोन लॉटमधला फरक मोठा निघाला. मग तिने लालचा १०.१ वाला कागद उचलला आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे मी बरोबर कॉल करत होते."

मी म्हटलं, "सगळेच नाही. पण बरेच."

मला तिला हे पूर्ण खरं सांगणं गरजेचं वाटलं, कारण वहीतले काही शॉट तिचेच चुकलेले होते आणि तेही तिला कळत होतं.

शिकंजा म्हणजे खांदा नव्हे, म्हणून शेवटची परीक्षा तिच्या हातून झाली. ८ ते ११ ऑक्टोबर, सरावाच्या वेळी. निळे, पांढरे, लाल छर्रे मी तीन सारख्या डब्यांत भरले, डब्यांवर नुसते १, २, ३. कोणता काय ते फक्त मला आणि आईला माहीत. रोज प्रत्येकाचे वीस शॉट, क्रम रोज वेगळा. तिने फक्त कॉल आणि गुण लिहायचे. चौथ्या दिवशी वही उघडली. दोन नंबरच्या डब्यात कॉल आणि शॉट यांच्यात तीन दशांशांपेक्षा जास्त फरक ऐंशीपैकी अकरा वेळा. एक नंबरमध्ये सत्तावीस वेळा. दोन म्हणजे निळा, एक म्हणजे लाल. तुमच्याकडे शिकंजा नसला तरी ही चाचणी नक्की करा, तिला पैसा लागत नाही. फक्त डबे भरणाऱ्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. घरी पाटावर रायफल ठेवली, मोकळी, बोल्ट उघडा, नळीत केशरी दोरी तशीच. शेजारी माझा व्हर्निअर आणि निळा डबा. आईने तिघांनाही हळद-कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं.

मग राहिली खरेदी. लॉट सापडला तरी तो बाजारात शिल्लक हवा, आणि छर्रे बाहेरून येतात, एक कन्साइनमेंट संपली की तो लॉट पुन्हा दिसेलच असं नाही. १४ ऑक्टोबरला मुंबईतल्या एका दुकानात फोन करून लॉट नंबर वाचून दाखवला. दहा डबे आहेत म्हणाले, डब्याला २,०५० रुपये. १९ तारखेला पार्सल आलं. आठ डबे त्या लॉटचे, दोन दुसऱ्याच लॉटचे. फोन केला तर म्हणाले, माल तोच आहे. चिकटपट्ट्यांचे फोटो पाठवले, दोन डबे सील न तोडता परत केले, पैसे ८ नोव्हेंबरला आले. तेव्हा सील तोडण्याआधी प्रत्येक डब्याचा नंबर बघा आणि बिलावरही लॉट नंबर लिहून मागा. आमच्या बिलावर तो नव्हता, म्हणून तीन आठवडे गेले.

खर्चाचं विचारणारे बरेच भेटतात म्हणून लिहितो. चाचणीचे डबे, शिकंजा आणि रेंजचे नऊ तास मिळून १४,२५०. सिलिंडर २१,५००. आठ डबे १६,४००. एकूण ५२,१५०, रायफल वेगळी. अनामत परत मिळाली. ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही, दिवाळीत फ्रिज बदलायचा होता तो बदलला नाही. पुन्हा करायचं झालं तर सिलिंडर मी रायफलच्या भावातच वळता करून घेईन, आणि चाचणीचे डबे तीन-चार पालक मिळून घेऊ. पन्नास-साठ छर्रे एका रायफलला पुरतात, डब्यात पाचशे असतात. आता आमच्या रेंजवर तसं सुरू झालंय, शिकंजाही तिथेच ठेवलाय, कोणीही वापरावा.

निळे छर्रे ती आठवड्यातून दोनदाच वापरते, आणि स्पर्धेत. एरवी सरावाला पांढरे. सुरुवातीला लाल संपवायचे म्हणत होतो, कोच मॅडमनी नको सांगितलं. ज्या छऱ्याने कॉलवरचा विश्वास उडतो त्याने सराव करू नये, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं. लाल डबा आता नव्या मुलांना छर्रा भरायला शिकवण्यासाठी रेंजवर आहे.

२४ नोव्हेंबरच्या रविवारी एक निमंत्रित स्पर्धा झाली. जूनमध्ये ती साठ शॉटमध्ये ५९४ च्या आसपास असायची, तिथे ६०१.३ झाले. यात छऱ्याचा वाटा किती आणि पाच महिन्यांच्या सरावाचा किती हे मला वेगळं काढता येणार नाही. पदक नव्हतं, बावीसावी आली. परतीच्या गाडीत कोपरखैरणेच्या पुढे तिने वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. चाळीसाव्या शॉटसमोर लिहिलं होतं: कॉल ९.५, तीन वाजता, ट्रिगर ओढला गेला. शेजारच्या रकान्यात गुण ९.४, तीन वाजता. त्याखाली एक रेघ आणि बरोबरची खूण.

आठपैकी पाच डबे शिल्लक आहेत. मे संपेपर्यंत पुरतील. पुढच्या लॉटची चाचणी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी ठेवलीय, अर्ज या वेळी निळ्या शाईत सही घेऊनच दिलाय.